मुक्या नाटकाचा प्रॉम्प्टर

बावीस वर्षं मी बोरीच्या देवळात, काल्याच्या रात्री,
विंगेत स्टुलावर बसून दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजत आलो.
राजे, सेनापती, एकदा तर साक्षात यम
माझ्या ओठांकडे कान लावून अडून राहिला होता.
त्यामुळे पूल ओलांडून लोटलीचा पदेर आंजेलो आला,
उंड्यांची टोपली उतरवायच्या आधीच म्हणाला,
'गुणाबाब, नाताळाच्या खेळाला तुम्ही हवेत.
फक्त यंदा नाटकात बोलणं नाही',
तेव्हा मी त्याच्याकडे बघतच राहिलो.

गेल्या वर्षी बोलणं होतं.
मेंढपाळाने वहीत नसलेलं एक वाक्य घातलं,
मानशीच्या लिलावाचे पैसे कुठे गेले, एवढंच,
आणि तिसरा राजा, जो पंचायतीचा मेंबर,
मुकुट काढून प्रेक्षकांत उतरला.
अकरा खुर्च्या मोडल्या, मडगावहून भाड्याने आणलेल्या.
म्हणून पाद्रीने यंदा सगळ्यांच्या जिभा कुलपात घातल्या:
हातवारे करा, देवाला कळतं.

जोसेफ झाला बसचा कंडक्टर.
दार ठोठावतानाही बोटं तिकीट फाडल्यासारखी हलायची.
मारिया आरोग्य केंद्रातली नर्स व्हितोरिन,
बाहुलीची मान तिने एकदाही लोंबू दिली नाही.
आणि गाढव.
गाढवाला गोणपाटाची कातडी, सुपारीच्या विऱ्यांचे कान,
पुढचे पाय सिप्रियान, मागचे मिंगेल.

सख्खे भाऊ. दोन दारांमध्ये एक विहीर,
विहिरीवर मडगावच्या कोर्टात दावा,
आणि अकरा वर्षांत एकमेकांशी शब्द नाही.
पाद्री म्हणतो, मुद्दाम केलं नाही,
बाकीचे बोटीवर, उरलेल्यांचे गुडघे दुखतात.
पाद्री असंही म्हणतो की त्याला सोर्पोतेल आवडत नाही.

पुढच्याला दिसायचं, पण तो मागच्याशी बोलणार नाही.
मागच्याला दिसायचं नाही.
मग मी. विंगेतून, हळू:
डावा. थांब. उजवा. वाक.
बावीस वर्षांची कला अखेर
गाढवाच्या मागच्या दोन पायांच्या कामी आली.

कपेलीसमोरचा माटव, बांबूला कागदी नक्षत्रं.
जोसेफने पहिलं दार ठोठावलं, दुसरं, तिसरं.
इतकी शांतता की कुणाच्यातरी घरचा कुकर
तीन शिट्ट्या देऊन ओशाळला.
आणि गोठ्याच्या पायरीपाशी गाढव आलं
नेमकी तेव्हा वीज गेली.

लोकांना वाटलं, हे नाटकातलंच. कुणी हललं नाही.
माझी बॅटरी पेटेना.
डावा पाय वर आहे की उजवा, मला आठवेना.
आयुष्यात पहिल्यांदा मीच वाक्य विसरलो.

तेव्हा गोणपाटाच्या आतून,
रात्री विहिरीवर मागून भरली कळशी घेऊन येणाऱ्याला
सांगावं तितक्याच आवाजात:

'पायरी आसा. सांबाळ.'

जरा वेळ काहीच नाही.
मग फळीवर एक पाय चाचपला, टेकला,
मग दुसरा.

'गाढव उलयलें!' एक पोर ओरडलं
आणि माटव हसून हसून वाकला.
वीज आली. राजे आले, एकाच्या हातात
सोन्याऐवजी दोदोलचा डबा, कारण पेटी सापडली नव्हती.
नियम मोडल्याचं पाद्रीने नाव काढलं नाही.

नंतर भाऊ कातडीतून निघाले, घामाने निथळत.
एक तळ्याकडून गेला, एक रस्त्याने.
कोर्टाची तारीख जानेवारीत होती, ती आहेच.

सवयीने मी वही नेली होती, कोरी.
पुलावर, दिव्याखाली सायकल थांबवून लिहिलं,
गाढवाचे पुढचे पाय, आणि त्यांचं वाक्य.
त्याखाली, मागचे पाय.
पुढे एक ओळ मोकळी ठेवली.